बिळातल्या सशाचे दोन गुण

आमच्या सरांची आठवण आली की मला आधी राग येतो, बाकीचं सगळं मागून येतं. सध्या ते मुलीकडे नाशिकला असतात आणि अगदी ठणठणीत आहेत. त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हा नियम इथे लागू होत नाही. शिवाय यातलं बरंचसं मी त्यांच्या तोंडावर बोलून मोकळी झालेली आहे.

कामशेतच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. मी मराठी शिकवते, ते विज्ञान शिकवायचे. मी मुलाखतीला गेले तेव्हा मे महिना होता, बाहेर उभं राहवत नव्हतं, आणि शिक्षकखोलीत एक उंच, वाळका माणूस गमबूट उलटा करून त्यातला खडा काढत बसला होता. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसानं पावसाळ्यात गमबूट घातले तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही. सर ते बारा महिने घालत. लग्नाला घालत, मुंजीला घालत, झेंडावंदनाला घालत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "घोणस काय पंचांग बघून बाहेर पडते?"

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "पाहिलंय की ऐकलंय?" तुम्ही काहीही सांगा, तो प्रश्न यायचाच. मुख्याध्यापकांची बदली होणार आहे म्हणालात, पाहिलंय की ऐकलंय? कामशेतच्या बाजारात इंद्रायणी तांदूळ स्वस्त झालाय, पाहिलंय की ऐकलंय? आमच्या एका निवृत्त शिपाईमामांच्या शोकसभेत कुणीतरी उठून म्हणालं की मामा फार मनमिळाऊ होते. मागच्या रांगेतून सरांचा आवाज आला, "पाहिलंत की ऐकलंत?" सभेला घाम फुटला. सगळ्यात आधी हसल्या त्या मामांच्या पत्नी, म्हणून निभावलं.

शनिवार-रविवारी लोणावळ्यात माणसांचा लोंढा आला की हे घाटातल्या कठड्यापाशी जाऊन उभे राहायचे. कुणी माकडाला वेफर्स द्यायला हात पुढे केला की सर मध्येच पुडा काढून घेत आणि तिथेच, त्या माणसाच्या डोळ्यांत बघत, एकेक वेफर खात. पुडा संपला की पिशवीची घडी घालून ती त्याच्याच खिशात ठेवत. "माझं पोट बिघडलं तर मला दवाखाना आहे, त्याला नाही," एवढंच बोलत. एकदा मुंबईच्या एका बाईंना वाटलं की म्हातारा उपाशी आहे. त्यांनी गाडीतून आणखी एक पुडा आणून दिला. सरांनी तोही खाल्ला.

कामशेतच्या मासळीबाजारात तर त्यांना लांबून बघूनच मावश्या टोपल्या झाकायच्या. प्रत्येक मासा उलटापालटा करून तो कुठल्या पाण्यातला, कशानं धरला, जाळ्याचं भोक केवढं, हे सगळं विचारायचं. पोटात अंडी असली की गिऱ्हाइकाशी भांडण. एक मावशी शेवटी वैतागून म्हणाली, "सर, तुमी घ्यायचं न्हाई आन् दुसऱ्याला घिऊ द्यायचं न्हाई. उद्यापासनं टोपली घिऊन शाळंतच येते, तुमीच पगार द्या मला." सरांनी यावर गंभीरपणे विचार केला होता. मुख्याध्यापकांकडे तसा अर्जही केला, की मत्स्यविषयक मार्गदर्शनासाठी या बाईंना मानधनावर नेमावं. अर्ज अर्थातच केराच्या टोपलीत गेला, आणि सर मुख्याध्यापकांशी महिनाभर बोलले नाहीत.

असा माणूस लांबून गमतीचा वाटतो. रोज त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बघा. नियम म्हणजे नियम, शब्द म्हणजे शब्द, आणि या नियमाखाली कोण चिरडतंय ते बघायला मान खाली घालायची नाही. ही त्यांची खोड मला पहिल्यापासून डोक्यात जायची. लोक तिला तत्त्वनिष्ठा म्हणायचे. मी तिला दुसरं नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

वन्यजीव सप्ताहात त्यांची ती प्रसिद्ध प्रश्नमंजुषा असायची. कापडी फलकावर रंगवलेलं नाव असं: 'शिकार, मासे आणि राखण – मैत्रीपूर्ण प्रश्नमंजुषा'. यातला 'मैत्रीपूर्ण' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत. सुरुवातीला संस्थेतल्या लोकांनी कुरकुर केली होती, वन्यजीव सप्ताहात शिकारीचे प्रश्न कसले? सर म्हणाले, "जीव मारतात कसा हे ज्याला ठाऊक नाही, तो वाचवणार काय डोंबल?" भात गिरणीमागच्या मंगल कार्यालयात स्पर्धा व्हायची. गावागावांचे संघ यायचे, बेडशाचा, परंदवडीचा, कामशेतातल्या दुकानदारांचा, आणि एक पवना धरणाकाठच्या बंगलेवाल्यांचा. फळ्यावर गुण लिहायचं काम माझं.

गुणांची पद्धत सरांनी स्वतः बसवली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ऐकून किंवा वाचून दिलेल्या बरोबर उत्तराला एक गुण. तेच जर स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं असेल तर दोन. खोटं बोललेलं उघडं पडलं तर त्या प्रश्नाचं सगळं शून्य. आणि शेवटचं, इथे बोललेलं इथेच राहील. त्यासाठी दारात भाताची मोठी पाटी ठेवलेली असे. आत येणाऱ्या प्रत्येकानं आपला मोबाईल त्या पाटीत टाकायचा, मग तो संस्थेचा अध्यक्ष का असेना. लोक हसत हसत टाकायचे. आत मग म्हातारी माणसं तरुणपणी शिमग्याच्या पारधीला गेल्याचं मोकळेपणानं सांगायची. आता तिकडं जात नाही आणि पोरांना जाऊ देत नाही, हेही सांगायची. खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडायचं.

मात्र दर वर्षी चषक न्यायचे ते बंगलेवालेच. त्यांच्याकडे पुस्तकं, त्यांच्याकडे वेळ, त्यांच्यातला एक जण तर आफ्रिकेत जाऊन आलेला. त्यांचे प्रमुख एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले साहेब होते, गोरेपान, हसतमुख, सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवून बोलणारे. हरणाऱ्या गावकऱ्यांना ते म्हणायचे, "अहो, तुम्ही तर जंगलातच राहता, तुम्हाला यायला हवं हे." सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत राहायचे.

त्या वर्षी साहेबांबरोबर एक तरुण मुलगा चित्रीकरणाचा मोठा कॅमेरा घेऊन आला. दारात मी त्याला अडवलं. सर म्हणाले, "मोबाईल दिला का त्यानं?" दिला होता. "मग जाऊ द्या. नियमात मोबाईल आहे, कॅमेरा नाही."

मी म्हटलं, "सर, नियम कशासाठी आहे ते बघा ना."

"बाई, नियम बदलायचा तर पुढच्या वर्षी बदलू. आयत्या वेळी नाही." आणि त्या मुलाला आत सोडलं.

शिकारीची फेरी शेवटी ठेवलेली होती. त्या फेरीत साहेबांना प्रश्न आला, रानडुकराला एका गोळीत पाडायचं तर गोळी कुठे मारतात? साहेब म्हणाले, "कानाच्या मागे." सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब हसून म्हणाले, "मारलंय हो, सर. मागच्याच दिवाळीत, मित्राच्या फार्मवर. पहिल्या गोळीला नुसतं गुडघ्यावर आलं, मग जवळ जाऊन दुसरी घालावी लागली. शिवाय काय चविष्ट असतं, सांगू!" कार्यालयात हशा आणि टाळ्या. मी फळ्यावर दोन गुण लिहिले. वनखात्याची परवानगी वगैरे कोणी विचारलं नाही. पाहुण्यांच्या खुर्चीत वनाधिकारी बसले होते, तेही हसत होते.

शेवटचा प्रश्न परंदवडीला होता. बंगलेवाले एका गुणानं पुढे. परंदवडीच्या संघात आमचा जुना विद्यार्थी होता, दीपक. सोमाटण्याच्या पुढे एका कंपनीत कंत्राटी कामाला होता आणि तिथे त्याला कायम करायचं चाललं होतं. साधा, जरा बडबड्या, मोठी माणसं समोर आली की छाती पुढे काढून बोलणारा. प्रश्न असा, ससा जिवंत धरायची एक रीत सांगा.

दीपकनं संघातल्या दोघांकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. एक गुण मिळाला तर बरोबरी होणार, दोन मिळाले तर चषक. तो म्हणाला, "बिळाच्या तोंडाशी दबून बसायचं, सर. आत गेला की हात घालून कानाला धरून भाईर काडायचा."

"पाहिलंय की ऐकलंय?"

"केलंय, सर. लय येळा. धरायचा, कापायचा, रस्सा करायचा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले, हे मला फळ्यापाशी उभं राहून कळत होतं, कारण खडू माझ्या हातात तसाच होता. मग म्हणाले, "दोन गुण."

परंदवडीकरांनी दीपकला खांद्यावर घेतला. बाहेर हलगी कडाडली. बंगलेवाल्या साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शिकारी बुवा, कधीतरी आम्हालाही रस्सा पाजा." त्या दिवशी तो चषक परंदवडीला गेला आणि दीपकच्या घरी बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला गेला.

पुढच्याच आठवड्यात ती चित्रफीत सगळीकडे फिरली. त्या मुलाच्या कॅमेऱ्यातलीच. मात्र त्यात फक्त दीपक. छाती पुढे काढून, कापायचा, रस्सा करायचा, म्हणणारा दीपक. साहेबांचं डुक्कर कापून टाकलेलं. खाली कुणी लिहिलं होतं की मावळातल्या या राक्षसाला तुरुंगात घाला. पुण्यातल्या प्राणिप्रेमी मंडळींनी तक्रार केली, आणि ज्या अधिकाऱ्यांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्याच खात्याच्या माणसांनी दीपकला कंपनीच्या गेटवरून उचललं. पाळी सुटायची वेळ होती. सगळे कामगार बघत होते.

ससा मारणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, यावर माझं काही म्हणणं नाही. पण एकाच फेरीत, एकाच माइकवर दोघं बोलले होते. एकाच्या घरी जीप गेली आणि एकाच्या नाही. कुणाच्या गेली नाही हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती, आणि का गेली नाही हेही मावळात शेंबड्या पोराला कळतं. ते मी मोठ्यानं बोलले की लोक म्हणायचे, बाई, उगीच जातीपातीवर नेऊ नका. मी नेत नव्हते. जीपच तिकडे गेली होती.

दीपकची आई, मी त्यांना मावशी म्हणते, माझ्याकडे आल्या. मी त्यांना घेऊन लोणावळ्याला सरांच्या घरी गेले. सर ओट्यावर बसून भिंगातून एका वाळक्या पानाकडे बघत होते. मावशी पायरीवरच बसल्या. वर या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"सर, माज्या पोरानं कदी उंदीर सुदिक मारला न्हाई," त्या म्हणाल्या. "घरात उंदीर झालं की पिंजरा लावतो आन् लांब माळाला सोडून येतो. आमी रोज पंचशील म्हनतो. मी त्याला कोठडीत इचारलं, मारलास का? तर म्हनतो, न्हाई आई, नुसतं बोललो. म्हंजी बगा, मारला आसता तर एक शील मोडलं आसतं, न्हाई मारला तर खोटं बोलून दुसरं मोडलं. पन खोटं बोलल्याला कोठडी आसती व्हय?"

सरांनी भिंग खाली ठेवलं नाही. म्हणाले, "त्यानं केलंय असं सांगितलं. मी विचारलं होतं."

मी म्हटलं, "सर, तो खोटं बोलला. तुम्ही एवढं वनखात्यात येऊन सांगा, की तुमच्या स्पर्धेत दोन गुणांसाठी लोक वाटेल ते बोलतात."

"माझ्या स्पर्धेत कुणी खोटं बोलत नाही."

"तो कोठडीत आहे, सर."

"इतकी वर्षं कुणी खोटं बोललेलं नाही, बाई. त्यावरच ती उभी आहे."

मग मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र आठवतं की मी म्हणाले, तुमची स्पर्धा चुलीत घाला. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. मावशींनीच माझा हात धरून मला खाली ओढलं. म्हणाल्या, "चला बाई. सरांस्नी इचार करू द्या." त्यांना तेव्हाही त्या माणसाचा मान राखायचा होता. मला नव्हता.

सरांचा विचार संपेपर्यंत कोठडी वाढली. कंत्राटदारानं दीपकचं कार्ड परत घेतलं. कायम करायच्या वेळी असली भानगड नको, म्हणाला. हे कळलं त्या दिवशी मी आणि मावशी वनाधिकाऱ्यांच्या कचेरीत बाकावर बसलो होतो, आणि दारातून गमबुटांचा आवाज आला. सरांच्या काखेत गुंडाळलेला तक्ता होता. आमच्याकडे न बघता ते थेट टेबलापाशी गेले आणि फायली बाजूला सारून तक्ता उलगडला. 'प्राणी व त्यांची घरे'. सिंहाची गुहा, चिमणीचं घरटं, सशाचं बीळ. आपण सगळेच तो बघत मोठे झालो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या त्या तक्त्यावर सशाच्या चित्राला सरांनी कधीकाळी पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली होती.

"हे चुकीचं आहे," सर म्हणाले. "आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही. तो उघड्यावर गवतात खळगा करून बसतो. धोका दिसला की पळतो, आत शिरत नाही. शिरायला आत काही नसतंच. बीळ करतात ते पाळीव पांढरे ससे, विलायती. तुमच्या आरोपीनं ज्या रीतीनं ससा धरल्याची कबुली दिलीय, त्या रीतीनं मावळात आजवर कुणी ससा धरलेला नाही. त्यानं ससा धरलेला नाही, एवढंच त्या कबुलीतून सिद्ध होतं."

अधिकारी तक्त्याकडे बघत राहिले. बहुधा त्यांनाही चौथीत बीळच शिकवलेलं असणार. मग त्यांनी विचारलं, "मग तो खोटं का बोलला?"

"दोन गुणांसाठी."

"आणि तुम्हाला हे कळलं कधी?"

सरांनी तक्त्याची वळलेली कड सरळ केली. "तो बोलला त्याच क्षणी," ते म्हणाले. "मीच त्याला नववीत शिकवलंय, सशाला बीळ नसतं म्हणून. त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं."

मी बाकावरून उठले. "कळलं होतं, तर गुण का दिलेत?"

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दर वर्षी तेच जिंकतात, बाई. एकदा ते हरायला हवे होते."

म्हणजे हे सगळं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मावशी पायरीवर बसल्या होत्या तेव्हा माहीत होतं. कोठडी वाढली तेव्हा माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य गिळून हा माणूस वाळक्या पानाकडे बघत बसला होता, कारण ते बोललं की आपणच आपला नियम मोडला हे सांगावं लागणार होतं. मी इतकी चिडले की मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

सर अधिकाऱ्यांना म्हणाले, "आणखी एक लिहून घ्या. त्याच फेरीत ज्यांनी रानडुक्कर मारल्याचं सांगितलं, ते खरं बोलले. आधी गुडघ्यावर येतं आणि दुसरी गोळी जवळ जाऊन घालावी लागते, हे मारणाराच सांगू शकतो. तुम्ही समोरच बसला होता. खोटं बोलणाऱ्याला धरलंत, खरं बोलणारा तसाच आहे."

अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही त्यांना मारताना पाहिलंत का?"

"नाही."

"मग त्याचं जाऊ द्या."

दीपक सुटला. ना ससा सापडला होता, ना कातडं, आणि कबुली अशी की जी घडणंच शक्य नव्हतं. काही महिन्यांनी प्रकरणही मिटलं. कंपनीनं मात्र त्याला परत घेतलं नाही. गावात त्याला 'बिळ्या' म्हणायला लागले ते वेगळंच. आधी लोक त्याला शिकारी म्हणून मान देत होते, आता लहान मुलंसुद्धा त्याला बघून जमिनीत हात घालायची नक्कल करत. त्या दिवसांत तो मला एकदा म्हणाला, "बाई, आत व्हतो तवा निदान कुणी हासत नव्हतं."

आणि मग सर म्हणाले, बाई, परंदवडीला जायचंय, चला. मला वाटलं, हा माणूस माफी मागणार आहे. ती बघायला मिळावी म्हणून मी गेले.

मावशींनी पाणी दिलं. सरांनी ते संपवलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "निकाल दुरुस्त करायचाय. खोटं उघडं पडलं की शून्य. चषक परत द्यावा लागेल."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. दीपक उठला आणि मूर्तीशेजारचा चषक काढून त्यांच्यापुढे ठेवला. मावशी म्हणाल्या, "न्या, सर. खोटं बोलून मिळवल्यालं आमाला नकोच. पन आता त्यो कुनाला देनार?"

"दुसरे आले त्यांना."

"म्हंजी ज्यानं डुक्कर मारलं त्याला."

सर चषक पिशवीत घालत होते, ते घालतच राहिले.

तिथून आम्ही पवनेच्या बाजूला, साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी बाहेर हिरवळीवर बसवलं. समोर धरणाचं पाणी होतं. सरांनी चषक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा होतो. पण तुम्ही तो खरं बोलून जिंकलात. तेव्हा तेच खरं वनखात्यात येऊन सांगा आणि मग घ्या." मी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा नियम आवडला.

साहेब हसले. आतल्या माणसाला चहा आणायला सांगितलं. "अहो सर, तुम्हीपण. मी कुठे मारलंय डुक्कर? बोलायचं म्हणून बोललो. मित्रांमध्ये ठोकतो आपण अशा थापा. मैत्रीपूर्णच होतं ना सगळं?"

झालं. संपलं. थाप मारली होती हे पटवायला दीपकला कोठडी भोगावी लागली, काम घालवावं लागलं, आईला पायऱ्या झिजवाव्या लागल्या. याला चहा यायच्या आत जमलं. आणि तो आत्ता थाप मारत होता, तेव्हा नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सरांनी चषक आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "तर मग तुमचेही ते दोन गुण जातात."

"घ्या की. घ्या ना," साहेब म्हणाले.

"तुमचे दोन गेले, दीपकचे दोन गेले." सरांनी मनात काहीतरी मांडलं. "म्हणजे पुन्हा परंदवडीच एका गुणानं पुढे." आणि त्यांनी चषक उचलून पिशवीत घातला. चहा न घेता आम्ही निघालो. गेटबाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई, निकाल बरोबर होता." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरंखुरं समाधान. मी रस्त्यात उभी राहून त्यांना विचारलं की तुम्हाला लाज वाटते का. त्यांना प्रश्नच कळला नाही.

परंदवडीला पोचलो तेव्हा दीपक घरी नव्हता, मजूर अड्ड्यावर काम बघायला गेला होता. सरांनी सगळं मावशींना समजावून सांगितलं, कुणाचे किती गुण कमी झाले आणि चषक नियमानंच तुमचा कसा. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चषकाला हातही लावला नाही.

"ठिवा तितं," त्या म्हणाल्या. "त्या सायबाचं गुन गेलं, त्याचं काय बिगाडलं? माज्या पोराचं गुन आलं, त्याला काय मिळालं? तुमचा कप तुमच्या नियमानं माघारी आला, सर. माज्या पोराचं काम कुनाच्या नियमानं माघारी यील, तेवडं सांगा. म्हंजी मी तितं जाऊन बसते."

सर उभे होते. त्यांनी चषक भिंतीशी टेकवून ठेवला, तो कलंडला, पुन्हा सरळ केला. मग जायला वळले. घराची पायरी उंच होती आणि उतरताना त्यांचा तोल गेला. त्यांनी आधारासाठी माझ्याकडे हात केला.

मी दिला नाही.